नेमोला प्रशस्तिपत्र कशाला?

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात कपाटं तीन आणि पुस्तकं साडेचार कपाटांची. मे महिन्यात छाटणी करायची ठरली. पाच जणांची समिती बसली, चहा आला, आणि पहिल्या अर्ध्या तासात स्पर्धा परीक्षांची जुनी गाइडं, राशिभविष्यं आणि मायक्रोवेव्हच्या पाककृती कुणाचंही मन न दुखावता रद्दीच्या पोत्यात गेल्या. मग टेबलावर आल्या ज्यूल्स व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’च्या चार प्रती. दोन मराठी संक्षिप्त, एक इंग्रजी संक्षिप्त, एक इंग्रजी जाडजूड. तिथे गाडं अडलं. एक निवृत्त इंजिनियर काका म्हणाले, “याला हात लावायचा नाही. पाणबुडी निघायच्या आधी या माणसाने पाणबुडी लिहिली. पोरांना विज्ञानाची गोडी लागते.” बी.एड. करणारी शेजारची मुलगी म्हणाली, “काका, त्यातलं निम्मं विज्ञान आज चुकीचं आहे. आणि ती रानटी लोकांची वर्णनं? सगळं गोऱ्या माणसाच्या चष्म्यातून.” तिच्या बाजूने आणखी एक मत पडलं. एवढ्यात काकूंनी हुकमाचा एक्का टाकला: “अहो, पण त्या पाणबुडीचा कप्तान नेमो आपला आहे! बुंदेलखंडाचा राजपुत्र!” दोन विरुद्ध दोन झाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी प्रती ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. पण ठेवणाऱ्यांची एकही सबब मला पटलेली नव्हती, हे तेव्हा बोलायचं राहून गेलं. मुलांनी काय वाचावं हा विषय निघाला की हे तीन सूर लागतातच. एक म्हणतो पुस्तक उपयोगी आहे, दुसरा म्हणतो कालबाह्य आणि सदोष आहे, तिसरा म्हणतो आपलं आहे. तिघांनाही पुस्तकाकडून कसला तरी दाखला हवा असतो: गुणपत्रिका, चारित्र्याचा दाखला, नाहीतर रहिवासाचा. दीडशे वर्षं वाचकांनी या कादंबरीवर जीव लावला तो असला दाखला पाहून लावलेला नाही. तिच्यात एक माणूस आहे, ज्याला माफ करवत नाही आणि सोडवतही नाही. कादंबरी आपल्याला त्याच्या घरात पाहुणा म्हणून कोंडते, जेवूखाऊ घालते, समुद्राचा तळ दाखवते, आणि तो कोण हे सांगत नाही. ही कोंडी आवडते म्हणून पुस्तक आवडतं. ते कपाटात ठेवायला मला तरी एवढं कारण पुरतं.

आधी काकांचा मुद्दा घेऊ, कारण तो सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. व्हर्नची कादंबरी मार्च १८६९ ते जून १८७० या काळात पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः आली. त्याच्या सत्तर वर्षं आधी, १८०० साली, रॉबर्ट फुल्टन या अमेरिकन माणसाने फ्रान्समध्ये पाणबुडी बांधून पाण्याखाली चालवून दाखवली होती, आणि तिचं नावच ‘नॉटिलस’ होतं, जे पुढे व्हर्नने नेमोच्या पाणबुडीला दिलं. फ्रेंच नौदलाने १८६३ मध्ये ‘प्लाँज्यूर’ नावाची पाणबुडी पाण्यात सोडली. तिचा नमुना १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेला होता. फेब्रुवारी १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘हनली’ या पाणबुडीने शत्रूची युद्धनौका बुडवलीसुद्धा. म्हणजे व्हर्नने पाणबुडीचं भाकीत केलं, हे विधान वर्तमानपत्र वाचून उद्याची बातमी सांगितली म्हणण्यासारखं आहे. त्याने केलं ते वेगळंच. त्या काळातली पाणबुडी म्हणजे माणसं कोंबलेला, गुदमरवणारा लोखंडी डबा. त्याने तिला सत्तर मीटर लांबीचं घर केलं. तिच्यात बारा हजार पुस्तकांचं ग्रंथालय ठेवलं, भिंतींवर चित्रं लावली, दिवाणखान्यात ऑर्गन आणून बसवला. इंजिनियर असलं काही सुचवणार नाही. ते कादंबरीकाराचंच काम.

काकांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, आणि ती मोठी आहे. सायमन लेक या अमेरिकन पाणबुडीकर्त्याने आपल्याला या कादंबरीने वेड लावलं असं स्वतःच लिहून ठेवलंय. सागरविज्ञानात गेलेली कितीतरी माणसं हेच सांगतात. पण क्रम बघा. लेक आधी पुस्तकाच्या प्रेमात पडला, मग पाणबुडीच्या. पुस्तकातून पाणबुडी निघते म्हणून त्याने ते वाचलं नव्हतं. पोळी खाऊन अंगात ताकद येते, म्हणून कुणी ताकदीची चव घेत नाही. आणि भाकीत हेच प्रेमाचं कारण असतं तर भाकीत खरं ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक मरायला हवं होतं. गेल्या वर्षीचं पंचांग कोण जपून ठेवतं? अमेरिकेची अणुपाणबुडी ‘नॉटिलस’ १९५८ च्या ऑगस्टमध्ये उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून पार गेली. त्या दिवशी व्हर्नचं काम संपलं असं कुठल्याच वाचकाला वाटलं नाही.

शिवाय चुकांचं काय करणार? व्हर्नचा नेमो २१ मार्च १८६८ रोजी दक्षिण ध्रुवावर काळा झेंडा रोवतो, आणि तिथवर पोचतो समुद्रातून. खरा दक्षिण ध्रुव खंडाच्या मध्यात, पावणेतीन हजार मीटर उंच बर्फाच्या पठारावर आहे. १९११ च्या डिसेंबरात आमुंडसेन तिथे कुत्र्यांच्या गाड्या घेऊन गेला. व्हर्नची नॉटिलस अटलांटिकमध्ये सोळा हजार मीटर खाली उतरते, आणि पृथ्वीवरच्या सर्वांत खोल जागेची खोली अकरा हजाराच्याही आत आहे. सुएझच्या भूमीखालून त्याने एक नैसर्गिक बोगदाही काढलाय. (नावातल्या वीस हजार लीग म्हणजे खोली नव्हे, पाण्याखाली कापलेलं अंतर. एक लीग चार किलोमीटरची, म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. हे आमच्या समितीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी सगळ्यांना पुस्तकाबद्दल ठाम मत होतं.) गुणपत्रिकाच तपासायची ठरवली तर ती मुलगी काकांना सहज हरवेल. काकांनी तिच्या मैदानात खेळायला जाऊच नये.

मुळात ही उपयोगाची भाषा आली कुठून? ती व्हर्नच्या प्रकाशकाची आहे. पिएर-ज्यूल हेट्झेल मोठा धूर्त आणि मोठा रसिक माणूस. त्याच्या नियतकालिकाच्या नावातच ‘शिक्षण’ आणि ‘करमणूक’ असे दोन शब्द होते, आणि शिक्षण आधी होतं. १८६६ मध्ये व्हर्नच्या एका कादंबरीला त्याने निवेदन जोडलं: आधुनिक विज्ञानाने गोळा केलेलं भूगोलाचं, भूगर्भाचं, भौतिकाचं, खगोलाचं सगळं ज्ञान या ग्रंथमालेत गोळा करायचं आहे. ते निवेदन पालकांसाठी होतं, पैसे त्यांच्या खिशातून निघायचे होते. दीडशे वर्षांपूर्वीची ती जाहिरात आपण अजून समीक्षा म्हणून म्हणतोय. आपल्याला ती इतकी गोड लागते, कारण गोष्ट संपली की “यातून काय बोध घेतलास?” हे विचारल्याशिवाय आपल्याकडे पोराला उठू देत नाहीत. पण मराठीत दुसरीही परंपरा आहे, आणि ती याच काळातली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने अरबी कथा मराठीत आणल्या तेव्हा नाव काय दिलं? ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. सुरस आणि चमत्कारिक, बस. शीर्षकात ‘बोधपर’ घुसवायची त्यांना गरज वाटली नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं आणि त्याला ‘करमणूक’ असं सरळ नाव दिलं. त्याच ‘करमणूक’मधून त्यांनी विधवेच्या हालांची कादंबरी क्रमशः छापली. करमणुकीच्या पाटीखाली एवढा जिव्हारी विषय मावला, मग आपणच करमणुकीला इतकं का लाजतो?

आता माशांकडे येतो, कारण उपयोगवाद्यांचा आणि संक्षिप्त आवृत्त्या काढणाऱ्यांचा मुकाबला तिथेच होतो. पूर्ण कादंबरीत माशांच्या लांबलचक याद्या आहेत. वर्ग, कुळं, रंग, कल्ले, काटे. विज्ञानाची गोडी लावणारं म्हणून पुस्तक वाखाणणारेच मुलांच्या आवृत्तीतून सर्वांत आधी या याद्या काढतात, यातला विनोद त्यांच्या लक्षात येत नाही. पहिल्यांदा पूर्ण पुस्तक वाचताना मीही दोन याद्या सोडल्या होत्या, हे कबूल करतो. पुन्हा वाचताना कळलं की यादीत व्हर्न काहीतरी करतोय. एक प्रसंग सांगतो. पाणबुडीच्या दिवाणखान्याच्या बाजूचे पडदे सरकतात, काचेपलीकडे समुद्र उजळतो. आत तीन कैदी: प्राध्यापक आरोनाक्स, त्याचा नोकर काँसेल आणि कॅनडाचा हार्पूनवाला नेड लँड. काँसेलला वर्गीकरण तोंडपाठ, पण समोरचा मासा कुठला हे त्याला ओळखता येत नाही. काँसेल नेडला म्हणतो, माशांचे प्रकार कसे पाडतात ते तुला ठाऊक नसेल. नेड गंभीरपणे सांगतो: खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे. मग काचेपलीकडे एक मासा येतो. नेड त्याचं नाव सांगतो, काँसेल त्याचं कुळ आणि वर्ग घडाघडा म्हणतो. प्राध्यापक मनात म्हणतो, या दोघांना जोडलं तर एक नामांकित निसर्गशास्त्रज्ञ होईल.

प्रसंग गमतीचा आहे. पण हे तिघे तुरुंगात आहेत, हे आपण या गमतीत विसरलो, प्राध्यापकही विसरलाय. नेमोने पहिल्याच भेटीत सांगितलंय: जहाजावर मोकळे फिरा, जहाज सोडता येणार नाही, कधीच नाही. नेड दररोज पळायचा विचार करतो, त्याला भाजलेलं मांस आणि पायाखाली जमीन हवी आहे. आरोनाक्स मात्र मासे मोजतो. पुढे पुढे तर ज्या दिवशी एखादा नको तो प्रश्न विचारायला हवा असतो, त्याच दिवशी तो यादी करायला बसतो. एके रात्री त्याला जेवणातून झोपेचं औषध देतात. सकाळी एक खलाशी डोकं फुटून मरणपंथाला लागलेला असतो. रात्री काय झालं हे त्याला कळत नाही, आपल्यालाही नाही. तो खलाशाच्या दफनाला जातो, समुद्रतळावर, पोवळ्यांच्या झाडीत, आणि परत येऊन पुन्हा मासे. ज्ञानाच्या लोभाने कैद गोड मानून घेणारा हा सुशिक्षित माणूस तुम्हाला ओळखीचा वाटत नाही? मला वाटतो. बारा हजार पुस्तकं, उत्तम जेवण, मोठी खिडकी आणि न विचारलेले प्रश्न. पुस्तक मोठेपणी पुन्हा वाचणाऱ्यांना ते वेगळंच भेटतं, ते यामुळे. लहानपणी आपण नेमोचे असतो, तरुणपणी नेडचे. चाळिशीनंतर आरोनाक्स आपलाच कुणीतरी निघतो, आणि ते फारसं सुखाचं नसतं.

त्या मुलीचा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो उडवून लावणाऱ्यांनी व्हर्न नीट वाचलेला नाही. टॉरेस सामुद्रधुनीत पापुआचे लोक नॉटिलसवर चढायला बघतात, तेव्हा जिन्याच्या कठड्यात वीज सोडून त्यांना झटके देतात, आणि प्रसंग विनोदी म्हणून लिहिलाय. दुसऱ्या एका कादंबरीत त्याने ज्यू व्यापाऱ्याचं असं ओंगळ चित्र काढलंय की आज वाचवत नाही. आणि मराठी वाचकाला सर्वांत झोंबेल असं सांगतो: १८८० साली व्हर्नने भारतावर आख्खी कादंबरी लिहिली, जिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती घर ओढत उत्तर हिंदुस्थान हिंडतो. ती सुरू होते औरंगाबादेत, १८६७ च्या मार्चमध्ये, भिंतीवर लागलेल्या एका जाहीरनाम्याने. पकडून देणाऱ्याला इनाम लावलेला तो फरारी म्हणजे नानासाहेब पेशवे. तोच खलनायक, आणि नायक आहे त्याच्यावर सूड उगवायला निघालेला ब्रिटिश कर्नल. ‘नेमो आपला’ म्हणणाऱ्या काकूंना हे मी सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प झाल्या.

हे सगळं मान्य. पण यातून पुस्तक कपाटाबाहेर काढायचं ठरत नाही. पापुआच्याच प्रसंगात आरोनाक्स धावत येऊन “रानटी आलेत!” म्हणतो, तेव्हा नेमो विचारतो की रानटी कुठे नसतात, आणि तुम्ही ज्यांना रानटी म्हणता ते इतरांपेक्षा वाईट आहेत का? पुढच्याच पानांत त्या लोकांना झटके बसतात. एकाच प्रकरणात दोन्ही आहे, आणि लेखकाने ते नीट मिटवलेलं नाही. व्हर्न साम्राज्यविरोधी संत नव्हता, साम्राज्याचा भाटही नव्हता. त्याच्या काळातल्या एका फ्रेंच मध्यमवर्गीयाच्या डोक्यात जेवढा गोंधळ असेल तेवढा त्याच्या पुस्तकांत आहे. चारित्र्याचा दाखला मागितला तर तो नापास होईल, आणि त्याच्याबरोबर एकोणिसाव्या शतकातलं जवळजवळ सगळं कपाट. बाराव्या वर्षी वाचताना मला विजेचा जिना गमतीचा वाटला, मोठेपणी त्याची लाज वाटली. ही लाज मला कुठून मिळाली असती, पुस्तक आधीच काढून टाकलं असतं तर? त्या मुलीला मी एवढंच म्हणेन की तुझा मुद्दा पुस्तकात ठेव. मुलांशी बोल. हे वाचून शरमिंदं व्हायचा हक्क त्यांनाही आहे.

राहिला काकूंचा एक्का. १८७४-७५ मध्ये आलेल्या व्हर्नच्याच ‘द मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत नेमो मरायला टेकतो आणि आपली कहाणी सांगतो. तो राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा... इथे गंमत आहे. फ्रेंचमध्ये भाचा आणि पुतण्या दोघांनाही एकच शब्द. मराठीत मात्र हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. बाप बुंदेलखंडाचा म्हणजे नातं आईकडून, म्हणजे भाचा. मग टिपूची बहीण बुंदेलखंडात कधी दिली? ही सोयरीक कुठल्याही वंशावळीत सापडायची नाही. पॅरिसमध्ये बसून नकाशावर बोट ठेवणाऱ्या माणसाला म्हैसूर आणि बुंदेलखंड शेजारी वाटले असतील. त्यात तारखाही जुळत नाहीत. पहिल्या कादंबरीतल्या घटना १८६७-६८ मधल्या, आणि नव्या कादंबरीत त्याच सुमाराला म्हातारा नेमो आरोनाक्सला सोडून सोळा वर्षं झाली म्हणतो. हिशोब केला तर १८५७ च्या उठावात लढलेला हा माणूस त्याच्याही आधीच पाण्याखाली गेलेला निघतो. प्रकाशकाला तळटीप घालून हात झटकावे लागले.

खरं कारण असं आहे की नेमो मुळात भारतीय नव्हता. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा होता. १८६३ चा पोलिश उठाव रशियाने चिरडला, त्यात ज्याचं कुटुंब मारलं गेलं असा माणूस, आणि तो बुडवतो ती जहाजं रशियन. हेट्झेलने नकार दिला, कारण रशियात त्याची पुस्तकं खपत होती. दोघांची पत्रापत्री झाली, व्हर्न चिडला, आणि शेवटी त्याने नेमोला कुठलाच देश दिला नाही. प्रकाशकाच्या व्यापारी धास्तीतून साहित्यातलं एक सर्वोत्तम मौन जन्माला आलं, हे मला फार आवडतं. नेमोच्या खोलीत पोलंडसाठी लढलेला कोश्चुश्को, वॉशिंग्टन, लिंकन, गुलामगिरीविरुद्ध लढून फाशी गेलेला जॉन ब्राउन यांची चित्रं टांगलेली आहेत. देश वेगवेगळे, झगडा एकच. खलाशी कुणालाच न समजणारी भाषा बोलतात. राक्षसी माखलीशी झुंजताना एकाला तिचा विळखा पडतो आणि तो फ्रेंचमध्ये ओरडतो, “वाचवा!” आरोनाक्सला त्या क्षणी कळतं की इतके महिने एक देशबांधव याच जहाजावर होता, आणि आता तो मरतोय. लॅटिनमध्ये ‘नेमो’ म्हणजे कुणीच नाही. ज्याचा देश सांगितला नाही तो कुठल्याही हरलेल्या देशाचा होऊ शकतो.

तरी काकूंचं पारडं अगदी हलकं नाही. मन्नारच्या आखातात मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क झेपावतो, नेमो खंजीर घेऊन मध्ये पडतो, त्याला वाचवतो, मोत्यांची पिशवी हातात ठेवतो. नंतर आरोनाक्स विचारतो तेव्हा म्हणतो, तो हिंदी माणूस दडपलेल्यांच्या देशाचा आहे, आणि मी शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. हे तो राजपुत्र व्हायच्या पाच वर्षं आधीचं वाक्य आहे. आणि १८७५ मध्ये एका युरोपीय लेखकाने जगातलं सर्वांत पुढारलेलं यंत्र एका हिंदी बंडखोराच्या हाती दिलं, हेही थोडं नाही. ‘मिस्टीरियस आयलंड’च्या त्या काळच्या इंग्रजी भाषांतरात इंग्रजांविरुद्धची वाक्यं बदलण्यात आली, यावरूनच ती कुठे लागली असतील ते कळतं. त्याचा अभिमान वाटला तर वाटू दे. पण १८७० मध्ये ज्यांनी नेमोवर जीव लावला त्यांना तो कुठला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाराव्या वर्षी वाचला तेव्हा तो गोरा आहे की काळा हा प्रश्नच मला पडला नव्हता. नंतर कळलं तेव्हा आनंद झाला, आवडलेल्या माणसाचं आडनाव नात्यातलं निघावं तसा. आवड आधीची होती.

आणि ही आवड निर्मळ नाही, हे तिन्ही पक्ष विसरतात. शेवटाकडे एक युद्धनौका नॉटिलसवर तोफा डागते. कुठल्या देशाची, सांगितलेलं नाही. नेमो म्हणतो, कायदा मी, न्यायाधीश मी. माझा देश, बायको, मुलं, आई, बाप सगळं यांनी नेलं. मग तो नॉटिलस त्या जहाजाच्या पोटातून आरपार नेतो. आरोनाक्स खिडकीशी उभा आहे. तीच खिडकी, जिच्यातून मासे मोजले. काचेपलीकडे जहाज हळूहळू खाली येतं. माणसं डोलकाठ्यांवर चढतायत, दोरखंडांना लटकतायत, पाण्याखाली हातपाय मारतायत. वारूळ बुडावं तसं. नेमो ते शेवटपर्यंत बघतो. मग आपल्या खोलीत जातो, एका तरुण बाईच्या आणि दोन लहान मुलांच्या चित्रासमोर गुडघे टेकतो आणि हमसून रडतो. या वेळी आरोनाक्सला यादी करता येत नाही. त्याला पळून जायचंय.

या माणसाला नायक म्हणायचं की खुनी? त्याने तुर्कांविरुद्ध उठलेल्या क्रीट बेटावरच्या बंडखोरांना सोनं पाठवलं, पाणबुड्याला वाचवलं, आणि शेकडो खलाशी, ज्यांचा त्याच्या बायकामुलांशी काडीचा संबंध नसेल, ते बुडवले. अन्याय झालेल्याला किती सूड माफ? महाभारत वाचलेल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. झोपलेल्या पांडवांच्या शिबिरात शिरलेला अश्वत्थामा आपल्याला माहीत आहे, त्याची भळभळती जखमही. त्याच्या गोष्टी नर्मदेकाठी अजून सांगतात. त्याला कुणी ‘उपयोगी’ म्हणत नाही, आदर्शही म्हणत नाही. तो तेल मागत फिरतो आणि आपण त्याच्या गोष्टी ऐकत राहतो. नेमो त्या जातीचा आहे.

संक्षिप्त आवृत्त्यांवर मी वर तोंडसुख घेतलं, पण त्यांचं ऋण नाकारता येत नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला नसता तर माझ्या पिढीतल्या अनेकांना तो भेटलाच नसता. इंग्रजी वाचकांचं नशीब आपल्यापेक्षा फार बरं होतं असंही नाही. १८७० च्या दशकातलं पहिलं इंग्रजी भाषांतर पुढे कित्येक दशकं छापलं गेलं. त्यात कादंबरीचा सुमारे पाचवा हिस्सा गाळलेला होता, आणि अमेरिकेतल्या ‘बॅडलँड्स’ या प्रदेशाचं ‘नेब्रास्काचा नावडता मुलूख’ झालं होतं. एवढी मोडतोड होऊनही लोकांनी पुस्तक सोडलं नाही. विज्ञान कापलं, राजकारण कापलं, मासे कापले. खिडकी आणि तिच्याशी उभा असलेला तो मुका माणूस तेवढा कुणाला कापता आला नाही.

मी वाचलेली पहिली प्रत आजोळच्या गावातल्या वाचनालयाची. मराठी, संक्षिप्त, खाकी कागदाचं कव्हर, आणि शेवटचं पान फाटलेलं. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळचा तो अजस्र भोवरा, त्यात ओढली जाणारी नॉटिलस, पळून जाण्यासाठी होडीत बसलेले तिघे, होडी सुटते, आरोनाक्सचं डोकं लोखंडावर आपटतं, आणि पुस्तक खलास. उरलेल्या सुट्टीत मी मामेभावाला त्या पानाच्या किमान सात गोष्टी सांगितल्या. एकीत नेमोच त्यांना उचलून किनाऱ्यावर ठेवतो, एकीत नेड पोहत सगळ्यांना ओढून नेतो, एकीत देवमासा मदतीला येतो. तेवीस वर्षांनी पूर्ण कादंबरी हाती आली, तेव्हा मी सुरुवात सोडून आधी ते पान काढलं. आरोनाक्स लोफोटेन बेटांवर एका कोळ्याच्या झोपडीत जागा होतो. बाकीचे दोघे शेजारी आहेत. आणि तो लिहितो की त्या रात्री काय झालं, होडी भोवऱ्यातून कशी सुटली, आम्ही कसे वाचलो, हे मला सांगता येत नाही.